परक्या भूमीतले गाणे आणि ते मागणारे लोक

हिब्रू बायबलच्या स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रांमध्ये गाण्याचे आवाहन करणारी स्तोत्रे पुष्कळ आहेत. १३७वे स्तोत्र मात्र गाण्यास नकार देते, आणि तरीही संगीतकारांनी ज्या स्तोत्रांना शतकानुशतके पुन्हा पुन्हा चाली लावल्या, त्यांत त्याचे नाव वरच्या ओळीत घ्यावे लागते. ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलचा, म्हणजे बॅबिलॉनचा, राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम जिंकून तेथील मंदिर जाळले आणि यहुदी लोकांना कैद करून आपल्या देशात नेले, त्या हद्दपारीचे हे स्तोत्र आहे. बाबेलच्या नद्यांच्या काठी बसून आम्ही सीयोनच्या, म्हणजे यरुशलेमच्या, आठवणीने रडलो, तिथल्या झाडांवर आम्ही आमची तंतुवाद्ये टांगून ठेवली. ज्यांनी आम्हाला धरून आणले तेच आम्हाला म्हणू लागले की तुमच्या सीयोनचे एखादे गाणे म्हणून दाखवा, आमची करमणूक करा. पण परमेश्वराचे गाणे आम्ही परक्या भूमीत कसे गावे? पहिल्या चार वचनांचा आशय एवढाच आहे.

हे स्तोत्र मूळ हिब्रूत ऐकताना अर्थ कळत नसला तरी एक गोष्ट कानाला जाणवते. 'आम्ही', 'आमचे', 'आम्हाला' या अर्थाचा 'नू' हा शेवट पहिल्या तीन वचनांत नऊ वेळा येतो: याशाव्नू, बाखीनू, तालीनू, किन्नोरोतेनू. जणू सगळा समुदाय एकाच हुंदक्याने बोलत आहे. पाचव्या वचनापाशी हा समुदाय मागे सरतो आणि एकट्या माणसाचा आवाज उरतो: हे यरुशलेम, मी तुला विसरलो तर माझा उजवा हात निकामी होवो, माझी जीभ टाळूला चिकटून राहो. वादकाचा हात आणि गायकाची जीभ, म्हणजे ज्यांच्यावर संगीत उभे असते तेच दोन अवयव, हा माणूस शपथेला गहाण ठेवतो. त्यानंतरची तीन वचने सूडाची आहेत. यरुशलेम पडत असताना 'पाडा, पायापर्यंत पाडा' असे ओरडणाऱ्या शेजारच्या अदोमी लोकांची परमेश्वराला आठवण करून दिली जाते, आणि शेवटी बाबेलची तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटले जाते.

असे स्तोत्र गायचे कसे, हा प्रश्न मला बरीच वर्षे धरून आहे. मी अलिबाग तालुक्यात राहते आणि आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवते; युरोपीय संगीताचे माझे शिक्षण झालेले नाही, जे काही कळले ते ऐकून आणि वाचून. मात्र जितक्या चाली ऐकल्या तितके माझे एक मत पक्के होत गेले. या स्तोत्रातला नकार गाण्याला नाही, गाणे मागणाऱ्याला आहे. विजेत्याच्या करमणुकीसाठी आम्ही गाणार नाही, असे कवी म्हणतो, आणि ते सांगण्यासाठी तो गातोच. म्हणून प्रत्येक चालीपाशी मी हेच विचारते की हे गाणे कोणी मागितले आणि ते कोणासाठी गायले गेले.

सोळाव्या शतकात रोममध्ये पालेस्त्रिना याने लॅटिन भाषेत चार आवाजांसाठी केलेली रचना, 'सुपर फ्लुमिना बाबिलोनिस', १५८१ मध्ये प्रसिद्ध झाली. ती पहिल्या दोनच वचनांची आहे, म्हणजे वाद्ये झाडाला टांगली की संपते. गाण्याची मागणी आणि सूड हे दोन्ही तिच्यात नाहीत. एक आवाज ओळ उचलतो, दुसरा त्याच्या मागून तीच ओळ घेऊन येतो, आणि दुःख कुठेही ओरडत नाही. रचना अतिशय सुंदर आहे, परंतु ती हद्दपारीतून आलेली नाही. चर्चमध्ये या शब्दांचा अर्थ मुख्यतः स्वर्गापासून दुरावलेल्या आत्म्याचा शोक असा घेतला जाई, आणि तो तसाच गायला जाई.

इथे आमच्या रेवदंड्याचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. रोमन उपासनेत याच स्तोत्राचे पहिले वचन पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणानंतरच्या विसाव्या रविवारी अर्पणगीत म्हणून येत असे. रेवदंड्याचा कोट १७४० मध्ये मराठ्यांच्या हाती येईपर्यंत पोर्तुगीजांकडे होता आणि त्या कोटात अनेक चर्च होती; त्यांचे भग्न मनोरे आणि भिंती आजही नारळीपोफळीत उभ्या आहेत. तेव्हा बाबेलच्या नद्यांचे हे शब्द कुंडलिकेच्या मुखाशी लॅटिनमध्ये गायले गेले असतील, असे मानायला पुरेसा आधार आहे. ते म्हणणाऱ्यांच्या राजाने १४९७ मध्ये आपल्या देशातील यहुद्यांना बळाने ख्रिस्ती केले होते आणि १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशनचे, म्हणजे पाखंडाची चौकशी करणारे, न्यायासन बसले होते. त्याच काळात याच कोटाबाहेरच्या गावांत शनिवारी घाणा बंद ठेवणारी तेली कुटुंबे राहत होती. त्यांच्याकडे मी पुढे येईन.

विल्यम बर्ड आणि फिलिप द मॉन्ते यांची हकिकत मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळची वाटते. मॉन्ते हा हाब्सबर्ग सम्राटाच्या दरबारचा संगीतप्रमुख होता. तरुणपणी, १५५४-५५ मध्ये, तो गायक म्हणून इंग्लंडला जाऊन आला होता. बर्ड हा एलिझाबेथ राणीच्या राजवाड्यातील प्रार्थनागृहाचा संगीतकार, पण श्रद्धेने कॅथलिक. आणि त्या वेळच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक असणे धोक्याचे होते. एडमंड कॅम्पियन या जेझुइट पाद्र्याला १५८१ मध्ये लंडनमध्ये फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे करण्यात आले होते. अठराव्या शतकातील एका हस्तलिखित नकलेवरून असे कळते की १५८३ मध्ये मॉन्तेने बर्डला आठ आवाजांची 'सुपर फ्लुमिना' पाठवली. त्याने वचनांचा क्रम बदलला होता: आधी रडणे, मग बंदिवानांकडे झालेली गाण्याची मागणी, मग 'परक्या भूमीत कसे गावे' हा प्रश्न, आणि झाडावर टांगलेली वाद्ये अगदी शेवटी. या क्रमाने वाचल्यावर ते एका मित्राने विचारलेल्या प्रश्नासारखे ऐकू येते: तू तिथे कसा गातोस, की वाद्ये टांगून ठेवलीस?

बर्डने दुसऱ्याच वर्षी आठ आवाजांतच उत्तर दिले. त्याची रचना मॉन्तेच्या प्रश्नाचेच शब्द घेऊन सुरू होते, 'क्वोमोदो कान्ताबिमुस', आम्ही कसे गावे. पुढे शपथेची वचने येतात, आणि 'प्रभू, अदोमाच्या मुलांची आठवण ठेव' एवढे म्हणून ती थांबते. सूडाच्या उंबरठ्यावर पाय ठेवून तो आत जात नाही, आणि तरीही परमेश्वराला कोणाची आठवण करून दिली जात आहे, हे त्या काळच्या कॅथलिक श्रोत्याला समजावून सांगावे लागले नसते. आठ आवाजांपैकी तीन आवाज एकाच सुरावटीने बांधलेले आहेत आणि त्यांतला एक ती सुरावट उलटी करून गातो, म्हणजे जिथे बाकीचे चढतात तिथे हा उतरतो. इतके अवघड काम उत्तरात घालण्यामागे, माझा हात अजून निकामी झालेला नाही, हे मित्राला दाखवण्याचा हेतू असावा असे मला वाटते. इथे गाणे मागणारा मित्र होता, म्हणून ते दिले गेले.

मात्र या सर्व रचना ख्रिस्ती लोकांनी लॅटिनमध्ये केल्या. ज्यांचे हे स्तोत्र, त्यांनी ते अनेक आवाजांच्या नव्या पद्धतीत गायला बराच काळ गेला, आणि त्याचे कारण पुन्हा तेच स्तोत्र होते. मंदिर पडले आहे, आपण हद्दपारीत आहोत, तेव्हा उपासनेत संगीताचा थाट शोभत नाही, हा विचार यहुदी परंपरेत खोलवर रुजलेला होता. इटलीतील मांतुआच्या ड्यूकच्या दरबारात वाजवणारा यहुदी संगीतकार सालोमोने रोस्सी याने १६२३ च्या सुमारास व्हेनिसमध्ये हिब्रू प्रार्थनांच्या ३३ रचनांचा संग्रह छापला, तेव्हा लिओन मोदेना या रब्बींना, म्हणजे यहुदी धर्मगुरूंना, त्याच्या समर्थनार्थ लिहावे लागले आणि अशा गायनाच्या बाजूने आपण १६०५ मध्ये दिलेला धर्मनिर्णय सोबत जोडावा लागला. छपाईतही पेच होता, कारण स्वरलिपी डावीकडून उजवीकडे जाते आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे. त्यांनी स्वर तसेच ठेवले आणि त्यांच्याखाली हिब्रू शब्द अखंड छापले. त्या संग्रहात 'आल नाहारोत बावेल' आहे, चार आवाजांचे, संथ, बरेचसे आवाज एकत्र चालणारे, त्यामुळे शब्द स्पष्ट ऐकू येतात. मांतुआत तोपर्यंत यहुद्यांची वस्ती भिंतीआड कोंडलेली होती. दरबारात रोस्सी मागणाऱ्यांसाठी वाजवत असे आणि सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरात, त्याने स्वतःच्या लोकांसाठी हे गाणे रचले. स्तोत्रातले दोन्ही प्रसंग एकाच माणसाच्या आयुष्यात असे एकत्र आलेले मला दुसरीकडे दिसले नाहीत. १६३० मध्ये सम्राटाच्या सैन्याने मांतुआ लुटले आणि तेथील यहुद्यांना शहराबाहेर हाकलले.

पुढच्या दोन-तीन शतकांतील रचनांविषयी थोडक्यात लिहिते. जर्मन प्रॉटेस्टंट लोकांनी १५२५ मध्येच या स्तोत्राचे सर्वांनी मिळून गायचे भजन केले होते. त्याच चालीवर जर्मन संगीतकार बाखने १७२० मध्ये हॅम्बुर्गला वृद्ध ऑर्गनवादक राइंकेनसमोर ऑर्गनवर दीर्घ वेळ उत्स्फूर्त वादन केले, आणि ही कला मेली असे वाटत होते पण ती तुमच्यात जिवंत आहे, असे तो म्हातारा म्हणाला. व्हेर्दीच्या 'नाबुक्को' या १८४२ च्या ऑपेरात युफ्रेटिसच्या काठावरचे हिब्रू गुलाम 'वा, पेन्सिएरो' गातात आणि झाडावर मुकी टांगलेली वीणा तशी का राहिली आहे, असे तिलाच विचारतात. या समूहगीताचा मोठा भाग सगळे मिळून एकाच सुरावटीत गातात आणि त्यातच त्याची शक्ती आहे. चेक संगीतकार द्वोर्झाकने मार्च १८९४ मध्ये, मायदेशापासून दूर न्यूयॉर्कमध्ये असताना, चेक बायबलचे शब्द घेऊन एकट्या आवाजासाठी आणि पियानोसाठी ते रचले आणि शपथेच्या पहिल्या वाक्यावर, उजव्या हातापाशी, थांबवले.

शेवटच्या वचनांच्या आधीच जवळपास सगळे थांबतात. इंग्रज संगीतकार विल्यम वॉल्टनने १९३१ मधल्या 'बेलशझार्स फीस्ट'मध्ये ती ठेवली: समूह आणि मोठा वाद्यवृंद मिळून, मुले दगडावर आपटणाऱ्याला धन्य म्हणतात. ऐकताना अंगावर काटा येतो आणि तो यावाच. घर जळताना पाहिलेल्या माणसाच्या मनात काय असते, ते स्तोत्राने लपवलेले नाही; ते वगळणाऱ्यांना मी दोष देत नाही, पण वगळल्यावर जे उरते ते अधिक सोज्वळ आणि कमी खरे असते.

आणि मग जमैका. १९७० मध्ये मेलोडियन्स या गटातील ब्रेंट डाउ आणि ट्रेव्हर मॅकनॉटन यांनी 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' रचले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांपैकी रास्ताफारी पंथाच्या लोकांसाठी बॅबिलॉन म्हणजे त्यांना दाबून ठेवणारी सारी सत्ता आणि सीयोन म्हणजे इथिओपिया, म्हणून स्तोत्रातल्या परमेश्वराच्या जागी त्यांनी तिथला सम्राट हेले सेलासी याची आपली संबोधने घातली. शपथ आणि सूड सोडून त्यांनी १९व्या स्तोत्राचे अखेरचे वचन जोडले: आमच्या मुखातील शब्द आणि आमच्या मनातील चिंतन तुला मान्य होवो. रडण्याच्या शब्दांना त्यांनी डुलणारी चाल दिली आहे. ते मला आधी विसंगत वाटे. आता वाटते की हे लोक पकडणाऱ्यांसमोर न गाता एकमेकांसमोर गात आहेत, आणि एकमेकांसमोर माणूस रडता रडताही ताल धरू शकतो.

१९७८ मध्ये बोनी एम या पॉप गटाने हेच गाणे पुन्हा गायले, रास्ताफारी संबोधने काढून टाकली, आणि ते जगभर गाजले. आपल्याकडेही त्याच्या कॅसेट घरोघरी होत्या, आणि शब्दांचा अर्थ ठाऊक नसलेल्या असंख्य लोकांना त्याची चाल पाठ होती. त्या आवाजांच्या गोडव्याबद्दल मला प्रेम आहे. तरीही, करमणुकीसाठी गाणे मागणाऱ्यांविरुद्ध लिहिलेले स्तोत्र नाचाच्या मैफलीत मागणीवरून वाजते, तेव्हा तिसऱ्या वचनातली माणसे समोर उभी राहतात आणि मला अस्वस्थ वाटते.

आता शनिवार तेल्यांकडे. आपल्या किनाऱ्यावरील बेने इस्राएल या यहुदी समाजाची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे जहाज नवगावजवळ फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि बुडालेल्यांना नवगावातच मूठमाती दिली गेली. ते दफनस्थान आजही दाखवले जाते. धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढच्या पिढ्यांकडे शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, सुंता, खाण्याचे काही नियम आणि 'शमा' ही प्रार्थना एवढे राहिले. तेल गाळणे हा धंदा झाला, मराठी ही भाषा झाली, आणि गावांवरून नवगावकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी आडनावे झाली. म्हणजे युरोपात बर्ड आणि रोस्सी या स्तोत्राशी झगडत होते तेव्हा इथले यहुदी, परंपरा खरी मानली तर, ते विसरलेले होते. पुढे कोचीनच्या शिक्षकांकडून हिब्रू उपासना परत आली, १७९६ मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग उभे राहिले आणि १८४८ मध्ये अलिबागच्या इस्राएल आळीत मागेन अबोत. मराठी बायबलमधून स्तोत्रे मातृभाषेत हाती आली. बाबेलच्या नद्यांचे स्तोत्र त्यांना पुन्हा भेटले, पण तोवर परकी भूमी परकी राहिलेली नव्हती. या देशात आपला छळ कधी झाला नाही, असे हा समाज स्वतः सांगत आला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या समाजाने मराठी कीर्तन सुरू केले. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने आपल्या हरदासी कीर्तनाच्या घाटात बसवली गेली: ओवी, साकी, दिंडी, अभंगाच्या चाली, आणि मध्ये मध्ये निरूपण. विसाव्या शतकात ही गाणी मुख्यतः स्त्रियांनी जपली. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले आणि तिथे, प्रत्यक्ष सीयोनच्या देशात, आज मराठी कीर्तनाची पदे म्हटली जातात आणि 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघते. परमेश्वराचे गाणे परक्या भूमीत कसे गावे, याचे उत्तर आमच्या किनाऱ्याने असे दिले की त्या भूमीच्याच चालीत गावे. आणि ते देता आले, कारण इथे कोणी दरडावून गाणे मागितले नाही. शेजारी ऐकायला आले ते आपली सतरंजी घेऊन.

मला आता एकच इच्छा आहे. १३७व्या स्तोत्राचे पूर्ण, नऊही वचनांचे आख्यान मराठी कीर्तनात ऐकायचे आहे, कारण या स्तोत्राला जे हवे ते कीर्तनाकडे आहे असे मला वाटते. पालेस्त्रिनाला दोन वचनांवर थांबावे लागले, वॉल्टनला शेवटची वचने वाद्यवृंदाच्या गर्जनेत टाकावी लागली, कारण त्यांच्या प्रकारांत मध्येच थांबून बोलायची सोय नव्हती. कीर्तनकाराला ती आहे. पहिली चार वचने ओवीत, घोळक्याच्या आवाजात, टाळकऱ्यांनी मागून 'आम्ही, आम्ही' असे उचलत म्हणावीत. शपथ एकट्याने दिंडीत घ्यावी. आणि शेवटची तीन वचने निरूपणात, गद्यात यावीत. ती कोणी म्हटली, काय पाहून म्हटली, ती आपण स्वतःच्या तोंडी घ्यावीत का, हे कीर्तनकाराने श्रोत्यांशी बोलावे, कोणतेही उत्तर त्यांच्यावर न लादता. नबुखद्नेस्सराची आणि मंदिराच्या नाशाची हकिकत पूर्वरंगातच सांगून ठेवता येईल, म्हणजे सूडाची वचने येतील तेव्हा श्रोत्याला त्यांच्यामागचे जळते शहर ठाऊक असेल. असे आख्यान कोणी रचायला घेतले, आपल्याकडे, मुंबईत किंवा इस्राएलमध्ये, तर पेटीच्या साथीला मी आनंदाने येईन. ओवीची चाल मी काळी दोनमध्ये बसवून पाहिली आहे, दिंडीसाठी मात्र उंच आवाजाची बाई हवी.